पनवेलच्या फिरत्या मेकॅनिकची पेटी

पनवेलला बंद पडलेल्या गाड्यांची वानवा नाही. पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, जुना हायवे बोरघाटाकडे जातो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता कर्नाळ्याच्या दिशेने वळतो. शिवाय खारघर, कामोठे, खांदा कॉलनीतल्या सोसायट्यांत आठवडाभर जागच्या हलत नाहीत आणि रविवारी सकाळी नेमक्या चालू होत नाहीत, अशा गाड्या निराळ्याच. त्यामुळे स्वतःचं गॅरेज नसतानाही, हत्यारं घेऊन गाडीपाशी जाणाऱ्या मेकॅनिकला इथे काम मिळतं.

हा लेख त्याच्या पेटीबद्दल आहे. आपण आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडला असाल, गॅरेजात कुणाच्या हाताखाली काम करत असाल किंवा निव्वळ स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडायची हौस असेल, तरी पेटी जवळपास तीच लागते. फरक एवढाच, की हौशी माणसाला एका गाडीची मापं पुरतात आणि धंदेवाल्याला चार कंपन्यांची लागतात. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमधली अवजड हत्यारं हा वेगळा विषय आहे. इथे छोट्या गाड्यांपुरतंच बोलू.

एक अट आधीच घालून घ्यावी. पेटी स्कूटरवर पायापाशी मावली पाहिजे आणि एका हाताने उचलून पार्किंगच्या दुसऱ्या तळघरापर्यंत नेता आली पाहिजे. म्हणजे भरलेली पेटी बारा ते पंधरा किलोंच्या वर जाता कामा नये. ही अट पाळली, की काय घ्यावं आणि काय नको यावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

पहिली पायरी दुकानात नाही, घरी कागद घेऊन करायची. गॅरेजबाहेर कोणती कामं खरोखर होतात ते लिहून काढावं. बॅटरी उतरलेली, टायर बदलायचा, फ्यूज उडालेला, बॅटरीची वायर सैल किंवा गंजलेली, कुलंटची रबरी नळी फुटलेली किंवा तिची क्लिप ढिली, बेल्ट करकरणारा, स्पार्क प्लग खराब, बल्ब गेलेला, वायपर अडकलेला. बहुतेक बोलावणी यातलीच असतात.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आपण न करायची कामं लिहावीत. क्लच प्लेट, गिअरबॉक्स, टायमिंग चेन, एसीचा गॅस ही रस्त्यावर करायची कामं नव्हेत. सीएनजीची उच्च दाबाची नळी तर नाहीच. भरलेल्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभर पट. पनवेल परिसरात सीएनजी गाड्या भरपूर आहेत, म्हणून ठळक अक्षरात लिहावं, की त्या नळीच्या नटाला पाना लावायचा नाही. वास आला तर टाकीवरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह फिरवावा, माणसं लांब करावीत आणि अधिकृत केंद्राला कळवावं. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी वायरींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांनाही हाच नियम.

आता पेटी. दुकानदार बहुधा पत्र्याची, दोन्ही बाजूंना कप्पे उघडणारी पेटी पुढे करतो. दिसायला ती रुबाबदार असते, पण रिकामीच जड, स्कूटरवर खडखडणारी आणि कोकणच्या पावसात कोपऱ्याकोपऱ्यातून गंजणारी. माझं मत जाड कॅनव्हासच्या, रुंद तोंडाच्या, तळाला रबर असलेल्या पिशवीच्या बाजूने आहे. आतून खिसे असावेत आणि तोंड उघडल्यावर ते उघडंच राहावं. मीटर, फ्यूज, बल्ब या नाजूक वस्तूंसाठी घट्ट झाकणाचा छोटा प्लास्टिकचा डबा आत ठेवावा.

पाने गुंडाळून ठेवायला कापडी पट्टा शिवून घ्यावा. प्रत्येक पान्याला एक खण आणि खणावर मार्करने माप. बाजारात तयार मिळतो, पण जुन्या जीनच्या कापडाचा कोणीही शिंपी अर्ध्या तासात शिवून देतो आणि खण आपल्या पान्यांच्या लांबीचे होतात. बोनेटवर पसरला, की कुठला पाना कामावर आहे ते रिकाम्या खणावरून कळतं.

पान्यांचे प्रकार मुळात दोन. फिक्स पान्याचं तोंड उघडं असतं आणि तो नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो. रिंग पाना नटाला पूर्ण वेढा घालतो. घट्ट नट मोकळा करायचं आणि शेवटचा आवळा द्यायचं काम रिंगचं. मधलं भराभर फिरवायचं काम फिक्सचं. एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेला कॉम्बिनेशन पाना दोन्ही कामं करतो, म्हणून फिरत्या पेटीत तोच घ्यावा. वजन निम्म्यावर येतं.

नवशिक्याचे नट खराब होतात ते इथेच. घाईत फिक्स पाना लावायचा, नट हलला नाही की पान्याच्या टोकावर हातोडी मारायची. नटाचे कोपरे झिजतात, नट गोल होतो, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला छिन्नी लागते.

मापांचा गोंधळ समजून घ्यायला थोडं थांबू, कारण पेटीचा खर्च इथे ठरतो. पान्यावरचं माप बोल्टच्या जाडीचं नसतं, डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचं असतं. ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी घडणीत १२ मिमी असतं आणि युरोपीय घडणीत १३. १० मिमी जाडीच्या बोल्टला जपानी घडणीत १४, तर युरोपीय घडणीत १६ किंवा १७ लागतो. ६ मिमी बोल्टचं १०चं डोकं मात्र दोन्हीकडे जुळतं.

म्हणून मारुती, होंडा, टोयोटा आणि ह्युंदाईसाठी ८, १०, १२, १४, १७, १९ ही मापं बहुतेक काम भागवतात. फोक्सवॅगन-स्कोडासाठी त्यात १३, १६, १८ घालावे लागतात. टाटा-महिंद्राच्या गाड्यांनाही १३ वारंवार लागतो. गंमत अशी, की बिल्ला मारुतीचा असला तरी डिझेल स्विफ्टमधलं १३०० सीसीचं इंजिन फियाटच्या घडणीचं आहे, आणि तिथे बाराचा पाना घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. बिल्ला बघून माप धरू नये, पाना लावून बघावा.

लावून बघण्याचीही रीत आहे. १२च्या डोक्यावर १३ची रिंग सहज बसते आणि बसली म्हणून हायसं वाटतं. जोर देण्याआधी पाना बोटांनी दोन्ही बाजूंना किंचित हलवावा. तो टकटक वाजत हलला, तर माप मोठं आहे. बरोबर मापाचा पाना बसताना थोडा अडतो आणि बसल्यावर जवळजवळ हलत नाही. गंजलेल्या नटावर आधी वायर ब्रश मारावा, नाहीतर गंजाच्या पापुद्र्यामुळे बरोबर मापही बसत नाही आणि आपण मोठं माप उचलतो.

१०चे पाने दोन घ्यावेत. बॅटरीच्या टर्मिनलचे नट, एअर फिल्टरचा डबा, इंजिनवरची झाकणं, असंख्य ब्रॅकेट, सगळीकडे हाच लागतो आणि इंजिनच्या खाचाखोचांत पडून हरवतोही हाच. ॲडजस्टेबल पाना, म्हणजे तोंड लहान-मोठं करता येणारा, एक असू द्यावा. पण तो दुसरा पाना अडवून धरायला. घट्ट नट खोलायला तो वापरणारा माणूस नट गोल करण्याच्याच वाटेवर असतो.

पुढे गोट्या. गोटी म्हणजे नटावर वरून टोपीसारखी बसणारी, मागे चौकोनी भोक असलेली नळी. या चौकोनाच्या मापाला ड्राइव्ह म्हणतात. पाव इंच, तीन सूत म्हणजे ३/८ इंच, आणि अर्धा इंच हे तीन ड्राइव्ह छोट्या गाड्यांना लागतात. तिन्ही घेतले तर पिशवी तिथेच भरते. फिरत्या कामाला तीन सुती संच मुख्य ठेवावा, आणि चाकाच्या नटांपुरता अर्धा इंची दांडा आणि दोन-तीन गोट्या.

गोटीच्या आत डोकावून कोन मोजावेत. बारा कोनी गोटी कुठूनही पटकन बसते, पण नटाला टोकांजवळ धरते. सहा कोनी गोटी बसवायला किंचित वेळ लागतो, पण ती सपाट बाजूंवर जोर देते. जुन्या, गंजलेल्या गाड्यांवर काम करणाऱ्याने सहा कोनीच घ्यावी. सोबत तीन इंची आणि सहा इंची एक्स्टेन्शन, वाकडा जोड, आणि खोल प्लग-गोटी. आताच्या बहुतेक गाड्यांच्या स्पार्क प्लगला १६ मिमी लागते. प्लग-गोटीत आत रबर किंवा चुंबक हवं, नाहीतर सुटा झालेला प्लग खोल विहिरीतून वर येत नाही.

रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकडणारी, उलट फिरवताना कटकट वाजणारी मूठ. हात फिरायला जागा नसते तिथे तिच्याशिवाय चालत नाही. पण तिच्या आत बारीक दाते असतात आणि घट्ट नटावर पाईप घालून जोर लावला की ते तुटतात. आधी साध्या लांब दांड्याने नट मोडावा, म्हणजे पहिला पाव फेरा फिरवावा, आणि मग रॅचेट लावावी. तुटलेल्या रॅचेट बघितल्या तर बहुतेक चाकाच्या नटावर तुटलेल्या असतात.

चाकाचं काम वेगळं सांगायला हवं, कारण जिवाला धोका तिथेच जास्त. मारुती आणि होंडाच्या चाकांना साधारण १९ची गोटी लागते, ह्युंदाई आणि टोयोटाला २१ची. फोक्सवॅगन-स्कोडाला नट नसतात, १७चे बोल्ट असतात, त्यामुळे चाक अडकवायला स्टड नाही आणि जड चाक एका हाताने धरून भोकं जुळवावी लागतात. गाडीसोबत येणारा व्हील पाना आखूड असतो. त्यावर उभं राहून उड्या मारणारे लोक आपण पाहिले असतील. अर्ध्या मीटरच्या दांड्याने ते काम हाताने होतं.

चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक लावावा. उचललेल्या गाडीला हिसके दिले की जॅक सरकतो. जॅकची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमध. खाच सोडून लावला तर पत्रा मुडपतो. पिशवीसोबत फूटभर लांब, जाड फळीचा तुकडा बांधून न्यावा, कारण पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला डांबर संपलं की चिखल असतो आणि जॅक त्यात रुततो. समोरच्या चाकाला लावायला दोन दगड जागेवर मिळतात, ते वाहून नेऊ नयेत.

गाडीसोबतच्या जॅकवर उभ्या गाडीखाली आपलं डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. खाली जायचंच असेल तर लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे स्टँड लागतात. ते स्कूटरवर नेणं अवघड, म्हणून खाली झोपून करायचं काम गॅरेजला पाठवावं. काढलेलं चाक मात्र गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवावं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल.

नट आवळताना क्रमाने गोल फिरू नये, समोरासमोरचे आवळत जावेत, नाहीतर चाक एका बाजूला तिरकं बसतं. किती आवळायचं? छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटर. याचा अर्थ अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला सुमारे वीस किलोंचा जोर. घरी वजनकाट्यावर तळहाताने वीस किलो दाबून बघितलं, की हाताला अंदाज येतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आवळा मोजून देणारा टॉर्क पाना घेता आला तर उत्तमच, पण तो पहिल्या खरेदीत बसत नाही. गाडी पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायला गिऱ्हाइकाला सांगावं.

स्टेपनी आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावं. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर छोट्या गाड्यांना जादा चाकाची सक्ती २०२०च्या नियमबदलानंतर राहिलेली नाही. अशा गाडीपाशी फक्त जॅक घेऊन पोचलात तर हात हलवत परत यावं लागेल. ट्यूबलेस टायरला वात भरायचा संच आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप पिशवीत असावा. वात टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात चालते, बाजूच्या भिंतीला फाटलं असेल तर नाही.

विजेच्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे मल्टिमीटर, व्होल्ट आणि वायरीची सलगता मोजणारं यंत्र. त्याचं बटण डीसी २० व्होल्टवर ठेवावं, लाल टोक बॅटरीच्या अधिकला आणि काळं उण्याला लावावं. गाडी रात्रभर बंद असताना १२.६च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ला निम्मी, १२च्या खाली उतरलेली. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ यायला हवं. तेव्हाही १२.४च राहिलं, तर दोष बॅटरीत नाही, ती भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या बेल्टमध्ये शोधावा. हे एक मोजमाप न घेता लोक नवी बॅटरी विकत घेतात आणि ती आठवड्याने पुन्हा उतरते.

पनवेलजवळ खाडी आहे, हवा दमट आणि खारट. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा चढतो आणि गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थची वायर आतून गंजते. वरून ती ठीक दिसते. ती पकडायची युक्ती अशी: मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावं आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावं. मीटरने शून्याजवळच, अर्ध्या व्होल्टाच्या आत राहायला हवं. एक व्होल्ट किंवा जास्त दिसलं, तर वीज अर्थच्या वायरीत अडते आहे. टर्मिनल काढून पॉलिश पेपरने चकचकीत घासावं, नट आवळावा, वर थोडं ग्रीस. दहाचा पाना आणि कागदाचा तुकडा, एवढ्यात गाडी चालू होते. अशा कामाचे पैसे मागताना मात्र जीभ जरा अडखळते.

टर्मिनल काढताना आधी उणं काढावं आणि लावताना ते शेवटी लावावं. उलट केलं तर अधिकच्या नटावरचा पाना चुकून पत्र्याला टेकतो आणि ठिणगी उडते. अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात ठेवावं.

जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायच्या दोन जाड वायरी, घेताना वरच्या रबराच्या जाडीवर जाऊ नये. स्वस्त केबलमध्ये रबर जाड आणि आतली तार बारीक, शिवाय तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. चिमट्याजवळ रबर मागे सरकवून तार बघावी. लावायचा क्रम: लाल मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळी चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ही ठिणगी तिच्या डोक्यावर नको.

फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० ॲम्पिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. मोठे, मिनी आणि बुटके अशा तिन्ही आकारांचे पाच-पाच फ्यूज छोट्या डब्यात ठेवावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच ॲम्पिअरचा घालावा. तो पुन्हा उडाला, तर वायर कुठेतरी घासून पत्र्याला लागते आहे. तिथे ३०चा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणाऱ्याने गाडी पेटवायची तयारीच केलेली असते.

स्कॅनरबद्दल हल्ली पहिल्यांदा विचारलं जातं. २०१३नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांची खाच असते. तिथे ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला, की गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाइलवर दिसतात. वस्तू उपयोगी आहे, घ्यावीच. पण कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही. पी०३०० म्हणजे इंजिनात ठिणगी किंवा जळणं चुकतं आहे, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर, हवेची गळती, कारण काहीही असू शकतं. आणि कोड आधी पुसू नये. मोबाइलवर फोटो घ्यावा, मगच पुढे हात लावावा. पुसला की त्याच्यासोबत नोंदलेली वेग, तापमान वगैरे माहितीही जाते.

बाकीची हत्यारं भराभर सांगतो. एक पक्कड, एक लांब चोचीची नोज पक्कड, एक ग्रिप प्लायर, म्हणजे घट्ट धरून कुलूप लागणारी पक्कड. गोल झालेल्या नटाला शेवटचा आधार हीच. स्क्रू ड्रायव्हर चपटे दोन आणि स्टार दोन, त्यातला एक ठेंगणा. ॲलन की आणि टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांची, अशा चाव्या. अर्धा किलोची गोल माथ्याची हातोडी. पडलेला नट उचलायला लांब दांडीचं चुंबक आणि मागे बघायला आरसा. दारांची आवरणं काढायला प्लास्टिकच्या पट्ट्या. कपाळावर बांधायची बॅटरी, कारण मोबाइल दातांत धरून काम होत नाही.

किरकोळ सामानाने वेळेला हत्यारांपेक्षा जास्त गाड्या घरी पोचतात. इन्सुलेशन टेप, लहान-मोठे केबल टाय, पेचाने आवळायच्या नळीच्या क्लिपा तीन-चार मापांच्या, गंज सोडवायचं स्प्रे तेल, पॉलिश पेपर, दोन मीटर वायर, हातमोजे, वेस्टचं कापड. लिटरभर तयार कुलंट. बल्बमध्ये एच४ आणि मागच्या दिव्याचे दोन-तीन पुरेत.

बोरघाट चढून तापलेल्या गाडीला मात्र हत्यार नाही, धीर लागतो. रेडिएटर बंद आणि दाबाखाली असतो, त्यामुळे आतलं पाणी ११०-११५ अंशांनाही उकळत नाही. झाकण उघडलं, की दाब जातो आणि ते त्याच क्षणी उकळून उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. वरची नळी हाताने दाबता येईल इतकी निवेपर्यंत थांबावं, मग जाड कापड धरून झाकण हळूहळू फिरवावं. गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतू नये, धातू तडकतो. गळती क्लिपेवर असेल तर पेचाने आवळून, नळीच्या टोकाला असेल तर टोक कापून पुन्हा बसवून गाडी गॅरेजपर्यंत जाते.

खरेदीला आता निघावं. पनवेलच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सुटे पाने मिळतात. निवड मोठी हवी असेल, तर सरळ सीएसएमटीची लोकल धरून मशीद स्टेशनला उतरावं आणि नागदेवी स्ट्रीट गाठावी. हत्यारांची दुकानं ओळीने आहेत. पुण्याला बुधवारी किंवा रविवारी जाणं झालं तर जुन्या बाजारात चांगले जुने पाने निघतात. जुना पाना घेताना तोंडाच्या जबड्याला चीर किंवा पसरटपणा आहे का ते बघावं, नव्या बोल्टावर लावून बघितला तर अधिक बरं.

एकशेआठ तुकड्यांचा चकचकीत डबा स्वस्त पडतो असं वाटतं. त्यातले साठ तुकडे म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची टोकं आणि आपल्याला कधीही न लागणाऱ्या इंची गोट्या. त्यापेक्षा एकेक पाना निवडून, क्रोम व्हॅनेडियमचे, नावाजलेल्या कंपनीचे घ्यावेत. टापरियाचा कारखाना आपल्या नाशिकलाच आहे, आणि तिच्या नावाचा नकली मालही बाजारात फिरतो. बिल मागावं. बिल देताना दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघावं. पैसे कमी असतील तर आधी पाने, मीटर आणि जंपर केबल घ्यावेत. गोट्या आणि पंप पुढच्या महिन्यात, स्कॅनर त्यानंतर.

पेटी लावताना जास्त लागणारं वर आणि जड ते तळाला, एवढं पाळलं तरी पुरे. प्रत्येक हत्यारावर एकाच भडक रंगाचा पट्टा मारावा, म्हणजे दुसऱ्याच्या गॅरेजात आपला पाना ओळखू येतो आणि काळ्या इंजिनात पडलेला दिसतो. भरलेल्या पेटीचा उघडून फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा आणि काम संपल्यावर बोनेट लावण्याआधी त्या फोटोशी जुळवावं. इंजिनवर विसरलेला पाना पंख्यात किंवा बेल्टमध्ये जाऊन जे नुकसान करतो, ते मूळ बिघाडापेक्षा मोठं असतं.

जून ते सप्टेंबर रोज रात्री पिशवी रिकामी करून उलटी टांगावी. हत्यारं कोरड्या फडक्याने पुसून तेलाच्या बोळ्याने हलका हात फिरवावा. मीटरच्या डब्यात नव्या बुटांच्या खोक्यातली ओलावा शोषणारी पुडी टाकावी.

कुठे जायचं आणि कुठे नाही, हेही पेटी भरतानाच ठरवायला हवं. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. स्कूटरवरच्या मेकॅनिकने तिथलं बोलावणं घेऊच नये. गिऱ्हाइकाने हेल्पलाइनवरून गाडी ओढून खाली आणावी, आणि कळंबोली किंवा शेडुंग फाट्याच्या बाजूला सुरक्षित जागी ती आली, की मग आपण पोचावं. गोव्याच्या रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६वर, कोणी अडकलं तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक त्यांना आधी सांगावा.

रस्त्यावरच्या गाडीपाशी पोचल्यावर इशाऱ्याचा त्रिकोण गाडीच्या बराच मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा आणि चमकणारं जॅकेट अंगात घालावं. गाडीतली माणसं रहदारीपासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभी करावीत. रस्त्याकडच्या बाजूचं चाक बदलायचं असेल आणि गाडी आणखी आत घेता येत नसेल, तर ते काम तिथे करू नये. पंक्चर टायरवर हळूहळू पन्नास मीटर पुढे नेलं तर टायर जातो, पण टायर बाजारात मिळतो.

दोन-तीन महिने काम झाल्यावर कागद पुन्हा काढावा. आलेल्या बोलावण्यांची यादी आणि पेटीतलं सामान शेजारी-शेजारी लिहावं. एकदाही न लागलेलं हत्यार घरच्या फळीवर जातं, आणि ज्यासाठी दोनदा परत यावं लागलं ते त्याच्या जागी येतं. बहुतेकांच्या बाबतीत पहिली भर १३ची खोल गोटी आणि टॉर्क पाना यांची पडते, आणि फळीवर जातात ते स्क्रू ड्रायव्हरचे जादा तुकडे.